मैदानातले संगीत आणि वादकाची मजुरी

कामगार चळवळीत शिरलेल्या माणसाच्या कानावर शिकागोचे नाव पहिल्याच वर्षी पडते. आठ तासांच्या दिवसासाठी तेथे मोठा संप झाला. ४ मे १८८६ च्या संध्याकाळी हेमार्केट चौकात सभा भरली. बाँब पडला, गोळीबार झाला, आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात चौघांना फासावर चढविण्यात आले. ही हकीकत आम्ही दर १ मे रोजी सांगत आलो आहोत. या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘शिकागो’ हा शब्द पाहून, आज पुन्हा तेच ऐकावे लागणार अशी पुष्कळांची समजूत झाली असेल. पण आज त्या चौकात थांबायचे नाही. त्याच चौकातून जाणाऱ्या रँडॉल्फ रस्त्याने सरळ पूर्वेला, मिशिगन सरोवराच्या दिशेने, साधारण मैलभर चालत गेले की इमारतींची रांग एकदम संपते आणि समोर मोकळे मैदान लागते. आजचे व्याख्यान त्या मैदानाविषयी आहे.

जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत, बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी तेथे ग्रँट पार्क संगीत महोत्सवाच्या मैफिली होतात. रंगमंचावर पुरा वाद्यवृंद असतो आणि कित्येकदा त्याच्यामागे मोठा गायकवर्ग उभा असतो. पुढे चार हजार खुर्च्या, आणि त्यांच्यामागे सात हजार माणसे बसतील एवढी हिरवळ. माणसे घरून चटई, जेवणाचा डबा, लहान मुले असे सगळे घेऊन येतात. रंगमंचाजवळच्या काही जागा वर्गणीदारांसाठी राखलेल्या असतात. बाकी कोणी तिकीट विचारीत नाही. बेथोव्हेन ऐकायला गिरणीतला माणूस आणि बँकेतला माणूस एकाच गवतावर मांडी घालून बसतो, आणि दोघांनाही ते फुकट असते.

या ‘फुकट’ शब्दाशी आज आमचे थोडे भांडण आहे. ऐकणाऱ्याला फुकट आणि वाजवणाऱ्यालाही फुकट, असे दोन अर्थ आपण या एका शब्दात कोंबून ठेवले आहेत, आणि पहिल्याच्या आडून दुसरा खपवतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सार्वजनिक समितीने लोकांसाठी विनामूल्य गायनाचा कार्यक्रम ठेवला होता. कार्यक्रम सुरेख झाला. शेवटी तबला वाजवणाऱ्या गृहस्थांना शाल आणि नारळ देण्यात आला, टाळ्या झाल्या, आणि रात्री बाराच्या पुढे ते तबला-डग्गा खांद्याला लावून रस्त्याने चालत निघाले. कारण रिक्षाचे पैसे द्यायचे कोणालाच सुचले नव्हते. त्या समितीत आम्हीही होतो. दिवसभर किमान वेतनावर भाषणे करणारा माणूस संध्याकाळी एका कारागिराला नारळावर वाटेला लावतो, आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही!

आपल्या भाषेत या पैशाला बिदागी म्हणतात. शब्द गोड आहे, पण त्यात देणाऱ्याची मर्जी आहे. मजुरी ठरवून मिळते, बिदागी प्रसन्न होऊन मिळते. शिकागोच्या वादकांनी बिदागी नाकारून मजुरी मागितली आणि त्या मागणीतूनच तेथील फुकट मैफिली निघाल्या. हे वरवर उफराटे दिसते. म्हणून सविस्तर सांगतो.

प्रथम हवामान. शिकागोचा हिवाळा क्रूर असतो. पारा शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो आणि सरोवरावरून येणारा वारा हाडे फोडतो. तेथे उन्हाळा म्हणजे सुटका. आपण उन्हाळ्यात सावली शोधतो, ती माणसे उन्हाळ्यात घर सोडतात. त्यातून एकोणिसाव्या शतकात तेथे जर्मन लोक फार मोठ्या संख्येने येऊन वसले होते, आणि झाडाखाली टेबल टाकून, बिअरचा पेला पुढे ठेवून बँड ऐकणे ही त्यांची सवय त्यांच्याबरोबरच आली. थिओडोर टॉमस हा जर्मनीत जन्मलेला संगीतनियोजक १८७७ पासून सरोवराकाठच्या प्रदर्शनाच्या प्रचंड इमारतीत उन्हाळी रात्रींच्या मैफिली करू लागला. पुढे १८९१ साली त्याच्याच नेतृत्वाखाली शिकागो सिंफनी वाद्यवृंद उभा राहिला. ती जुनी इमारत पाडून त्या जागी १८९३ साली जी नवी उभी राहिली, तिच्यात त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सर्वधर्मपरिषद भरली. विवेकानंदांचे ते भाषण झाले ती जागा हीच. आज तेथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे आणि आपले मैदान तिला अगदी लागून आहे. आपल्यापैकी पुष्कळांना शिकागोचा हा एकच कोपरा ठाऊक असतो, म्हणून खूण सांगून ठेवली.

उन्हाळी संगीताचा दुसरा प्रकार धंदेवाल्यांनी काढला. शहराच्या उत्तरेला रॅव्हिनिया नावाचे उद्यान १९०४ साली उघडले. ते काढले विजेच्या आगगाडीच्या कंपनीने, कारण संध्याकाळी माणसे गाडीत बसावीत तर त्यांना कोठे तरी जायला हवे! मंदीत, १९३२ साली, ते बंद पडले आणि १९३६ साली पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून शिकागो सिंफनी उन्हाळ्यात तेथे वाजवीत आली आहे. हिरवळ तेथेही आहे, पण त्या हिरवळीलाही तिकीट आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. आमचा विषय बिनतिकिटाचा आहे.

मैदान कसे राहिले, हाही प्रश्न आहे. शिकागोसारख्या पैसेवाल्या शहरात, भर बाजाराच्या तोंडाशी, एवढी जमीन मोकळी कशी राहिली? त्यातला बराच भाग सरोवरात भर टाकून तयार झाला आहे. १८७१ साली शहर जळाले तेव्हाचा राडारोडाही त्याच भरावात गेला. ही जागा सार्वजनिक आहे आणि ती कायमची मोकळी, इमारतींवाचून राहील, अशी नोंद १८३६ सालच्या नकाशावर होती. नकाशावरच्या नोंदीला कोण विचारतो? आपल्याकडच्या शहरांच्या विकास आराखड्यांवर मैदाने किती असतात आणि जमिनीवर किती असतात, हे येथे सांगण्याची गरज नाही. पण शिकागोत माँटगोमेरी वॉर्ड नावाचा, टपालाने माल विकणारा एक व्यापारी होता. त्याची पेढी या जागेसमोर होती. त्याने १८९० पासून दोन दशके कोर्टकचेऱ्या केल्या आणि नकाशावरची ती ओळ न्यायालयाकडून कायद्यासारखी मानून घेतली. गावातले प्रतिष्ठित लोक त्याच्यावर चिडले, कारण त्यांना तेथे चांगल्या चांगल्या संस्थांच्या इमारती बांधायच्या होत्या. भांडवलदाराविषयी आम्ही सहसा दोन चांगले शब्द बोलत नाही, वॉर्डविषयी बोलतो. त्याने जागा राखली नसती तर पुढची गोष्टच घडली नसती.

आता वादकांकडे वळू. मूकपटाच्या जमान्यात पडद्याखाली वादक बसत. आपल्याकडे पेटी-तबला असे, तेथे मोठ्या थिएटरांत पुरा वाद्यवृंद असे. १९२७ साली अमेरिकेत बोलपट आला आणि पुढच्या तीनचार वर्षांत हजारो वादक रस्त्यावर आले. आपल्याकडे १९३१ साली ‘आलम आरा’ आल्यावर पडद्याखालच्या पेटीवाल्यांचे तेच झाले. पण त्यांची संघटना नव्हती, म्हणून त्यांची दादही कोणी घेतली नाही. गिरणीत नवा माग आला की चार मागांवरचे माणूस कमी होते. येथे एका रिळाने सबंध वृंद कमी केला. त्यावर १९२९ ची मंदी कोसळली. लोकांच्या खिशात पैसा नाही, म्हणून हॉटेलांनी आणि नाचघरांनीही बँड बंद केले. उन्हाळा तर वादकाला एरवीही भाकड, कारण सिंफनी आणि ऑपेरा यांचे हंगाम हिवाळ्यातले.

शिकागोच्या वादकांची युनियन म्हणजे अमेरिकन वादक महासंघाची दहा क्रमांकाची शाखा. तिचा अध्यक्ष जेम्स पेट्रिलो. १८९२ साली शिकागोत जन्मलेला. बाप इटलीतून आलेला, गटारे खणण्याच्या कामावर. शाळेत बरीच वर्षे काढूनही पोराने चौथी ओलांडली नाही. कर्णा वाजवायचा, पण बेताचा. वाजवण्यापेक्षा वाजवणाऱ्यांची बाजू मांडणे आपल्याला जमते, हे त्याला लवकर उमगले आणि १९२२ साली तो शाखेचा अध्यक्ष झाला. माणूस शिवराळ, हेकट, एकहाती कारभार करणारा. जंतूंची त्याला एवढी धास्ती, की भल्याभल्यांशी तो हात मिळवीत नसे. आम्हाला असले पुढारी माहीत आहेत. त्यांच्या हाताखाली काम करणे सुखाचे नसते. पण मंदीत त्याने जे केले ते मोलाचे होते.

शिकागोतली उद्याने आधी बावीस वेगवेगळ्या मंडळांकडे होती. १९३४ साली ती एका पार्क डिस्ट्रिक्टखाली आली. या पार्क डिस्ट्रिक्टच्या कारभारी मंडळात पेट्रिलोला जागा मिळाली. मैदानाच्या दक्षिण टोकाला शिंपल्याच्या आकाराचा एक रंगमंच १९३१ पासून उभा होता. लोकांपाशी करमणुकीला पैसा नव्हता, वादकांपाशी काम नव्हते, मैदान आणि रंगमंच मात्र तयार होते. १ जुलै १९३५ च्या संध्याकाळी तेथे पहिली मैफल झाली आणि मग सबंध उन्हाळाभर होत राहिली. श्रोत्याला तिकीट नव्हते. वादकाला मात्र ठरलेला दर मिळे. त्यासाठी युनियनने आपली तिजोरी उघडली होती.

हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. बेकार सभासदाला युनियन मदत देते, हे सर्वत्र आहे. पण मदत घेताना हात पसरावा लागतो. येथे तोच पैसा मजुरी म्हणून दिला गेला, आणि बदल्यात सभासदाने आपला कसब शहराला दिला. पाच-दहा वर्षांत त्याची गोडी शहराला एवढी लागली की १९४० च्या दशकात पार्क डिस्ट्रिक्टने खर्चाचा भार आपल्या अंगावर घेतला आणि मैदानाचा स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. युनियनच्या मदतनिधीतून सुरू झालेले काम करदात्याच्या अंदाजपत्रकात गेले. लिली पॉन्स ही फ्रेंच गायिका १९३० च्या दशकाच्या अखेरीस तेथे गायली, तेव्हा तीन लाख माणसे जमल्याचे सांगतात. मैदानावरच्या सभेचा आकडा कसा काढतात हे आम्हाला ठाऊक असल्यामुळे आम्ही त्यातले निम्मे वजा करतो. तरी दीड लाख उरतात.

पेट्रिलो १९४० साली साऱ्या अमेरिकेच्या वादक महासंघाचा अध्यक्ष झाला आणि त्याने यंत्रालाच हात घातला. त्याचे म्हणणे सरळ होते. बर्फ विकणाऱ्याने शीतकपाट तयार केले नाही. पण वादक मात्र स्वतःच तबकडी वाजवून देतो आणि तीच तबकडी रेडिओवर, हॉटेलात, नाण्याच्या पेटीत वाजून त्याची जागा घेते. आपल्या बेकारीचे यंत्र आपल्याच हाताने घडवणारा हा जगातला एकटा कामगार! १ ऑगस्ट १९४२ पासून महासंघाने ध्वनिमुद्रणावर बंदी घातली. महायुद्ध चालू, वर्तमानपत्रे शिव्या देत आहेत, खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांनी विनंती केली. हा गडी हलला नाही. डेका कंपनी १९४३ साली नमली, आणि व्हिक्टर व कोलंबिया या दोन बड्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्ये. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे ठरावीक रक्कम, स्वस्त तबकडीमागे अगदी पाव सेंट, महागड्या तबकडीमागे अधिक, अशी कंपन्यांनी द्यायची ठरली. त्या निधीतून बेकार वादकांना कामाला लावून लोकांसाठी विनामूल्य मैफिली करायच्या.

१९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने असा निधी एकट्या युनियनच्या हाती ठेवण्याला मनाई केली. पुन्हा १९४८ चे सबंध वर्ष बंदीत गेले आणि अखेर निधी एका स्वतंत्र विश्वस्ताकडे सोपवण्यात आला. अट तीच राहिली: या पैशातून होणारी मैफल श्रोत्यांना फुकट असली पाहिजे आणि वादकांना दराप्रमाणे पैसे मिळाले पाहिजेत. अमेरिकेतल्या कित्येक गावांच्या बागांत, शाळांत, इस्पितळांत पुढे ज्या मैफिली झाल्या, त्यांच्यामागे हा पैसा होता. उन्हाळ्याच्या संध्याकाळी बाकावर बसून बँड ऐकणाऱ्या म्हाताऱ्याला, आपल्यासाठी कोणी तरी दोन वर्षांहून अधिक काळ संप केला होता, याचा पत्ताही नसेल.

पण यालाही दुसरी बाजू आहे आणि ती लपवून चालणार नाही. लॉस एंजेलिसमध्ये ज्या वादकांचे पोट ध्वनिमुद्रणावरच होते, ते म्हणू लागले की तबकडी वाजवतो आम्ही, घाम आमचा, आणि पैसा जातो कोठल्या तरी गावातल्या बँडला. १९५० च्या दशकात त्यांनी बंड केले, १९५८ साली निराळी संघटना काढली आणि त्याच वर्षी पेट्रिलो महासंघाच्या अध्यक्षपदावरून दूर झाला. कामावर असलेल्याचा हक्क मोठा की बेकाराचा? युनियनच्या बैठकीत या प्रश्नावर आम्ही रात्री जागवल्या आहेत आणि दोन्ही बाजूंनी मते दिली आहेत. शिवाय बंदीचा एक परिणाम कोणाच्याच ध्यानीमनी नव्हता. गायक मंडळी वादकांच्या महासंघात नव्हती, म्हणून बंदीच्या काळात कंपन्यांनी वाद्यांवाचून नुसती गाणी मुद्रित केली. बंदी उठली तोवर गायकांचे नाव वर गेले होते आणि बँडचे खाली.

आता या हकीकतीतला काळा डाग. आतापर्यंत आम्ही ‘शिकागोच्या वादकांची युनियन’ असे म्हणत आलो. खरे म्हणजे युनियन दोन होत्या. दहा क्रमांकाची शाखा गोऱ्यांची. कृष्णवर्णीय वादकांना तिने आत घेतले नाही, म्हणून त्यांनी १९०२ साली २०८ क्रमांकाची आपली वेगळी शाखा काढली. एकाच शहरात, एकाच धंद्यात, एकाच महासंघाच्या दोन पंगती! आपल्याला पंगतीचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. बड्या थिएटरांची, रेडिओची, सिंफनीची कामे गोऱ्या शाखेच्या हाती असत.

मैदानाच्या दक्षिण टोकाला तो जुना रंगमंच होता, तेथून हाकेच्या अंतरावर इलिनॉय सेंट्रल रेल्वेचे मोठे स्टेशन होते. दक्षिणेकडच्या कापसाच्या शेतांवरून निघालेली लाखो कृष्णवर्णीय माणसे, पहिल्या महायुद्धापासून पुढे पन्नासएक वर्षे, ज्या गाड्यांनी शिकागोला आली, त्यांतल्या कितीतरी याच स्टेशनात थांबत. १९४३ साली मिसिसिपीतून असाच एक शेतमजूर आला आणि कागदाच्या कारखान्यात कामाला लागला. पुढे मडी वॉटर्स म्हणून जगाने ज्याला ओळखले तो हाच. बोचके घेऊन स्टेशनाबाहेर पडणाऱ्या या माणसांचे उघड्यावरचे संगीत मात्र त्या रंगमंचावर नव्हते. ते शहराच्या पश्चिमेला मॅक्सवेल रस्त्यावरच्या रविवारच्या बाजारात होते. तेथे वादक रस्त्याच्या कडेला उभे राहत, समोरच्या घरमालकाला थोडे पैसे देऊन त्याच्या खिडकीतून विजेची तार बाहेर घेत आणि तिच्यावर आपली गिटार व ध्वनिवर्धक चालवीत. बाजाराच्या गलक्यात ऐकू जायचे तर वीज हवीच. शिकागोच्या ब्लूज संगीताचा जो खणखणीत, विजेचा आवाज म्हणतात, तो घडवण्यात या बाजाराचा वाटा मोठा आहे. तेथे ना दर होता, ना युनियन; जमिनीवर ठेवलेल्या टोपीत पडेल ते.

पेट्रिलोला १९६२ च्या अखेरीस त्याच्याच शाखेच्या सभासदांनी निवडणुकीत पाडले. १९६६ साली दोन्ही शाखा एक झाल्या. आजही त्या शाखेचा क्रमांक १०-२०८ असा जोडून लिहितात. हे एकीकरण कृष्णवर्णीय वादकांपैकी काहींना नको होते. नवल वाटायला नको. आपली स्वतःची इमारत, आपले पदाधिकारी, आपला दरारा साठ वर्षांत उभा केलेला. मोठ्या शाखेत गेल्यावर मतांच्या संख्येत आपण बुडणार, ही भीती खोटी नव्हती. ग्रँट पार्कात ब्लूज संगीताचा स्वतंत्र, विनामूल्य उत्सव १९८४ साली सुरू झाला. मडी वॉटर्स आदल्याच वर्षी वारला होता. मॅक्सवेल रस्त्यावरचा बाजार १९९४ साली विद्यापीठाच्या विस्तारासाठी तेथून हलवण्यात आला.

उघड्यावर संगीत ऐकू येते कसे, हे जिज्ञासूंसाठी थोडक्यात सांगतो. सभागृहात भिंती आणि छत आवाज परत पाठवतात, म्हणून शेवटच्या रांगेलाही सारंगीसारखे नाजूक वाद्य ऐकू येते. मैदानात आवाज चहूकडे निघून जातो. अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. शिंपल्याच्या आकाराचा रंगमंच मागे आणि वर जाणारा आवाज अडवून पुढे ढकलतो, एवढेच त्याचे काम. मागच्या लोकांसाठी मग कर्णे लावावे लागतात, आणि तेथे दुसरी अडचण येते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटर दूर बसलेल्या माणसाच्या जवळच्या खांबावरील कर्णा त्याला ताबडतोब बोलून दाखवतो, आणि मंचावरचा मूळ आवाज जवळजवळ एकतृतीयांश सेकंदाने मागून पोचतो. मोठ्या सभेत वक्त्याचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो तो यामुळे. भाषणात हे चालून जाते, किंबहुना काही वक्त्यांना ते आवडते. संगीताचा मात्र चिखल होतो.

२००४ साली मैदानाच्या वायव्य कोपऱ्यात, रेल्वेचे रूळ आणि मोटारींचा तळ यांवर छत घालून, मिलेनियम पार्क उघडण्यात आले. तेथे फ्रँक गेरी या वास्तुशिल्पज्ञाने नवा रंगमंच बांधला आणि संगीत महोत्सव तेथे हलला. त्याने हिरवळीवर पोलादी नळ्यांची, सहाशे फूट लांब आणि तीनशे फूट रुंद, कमानदार जाळी उभारली आणि ध्वनिवर्धक तिला टांगले. प्रत्येक ध्वनिवर्धक मंचापासूनच्या अंतराच्या हिशेबाने क्षणभर उशिरा बोलतो, म्हणजे मूळ आवाज आणि वर्धित आवाज श्रोत्याच्या कानी एकदमच येतात. जाळीमुळे खांबांची गर्दी टळली आणि आकाशही दिसत राहिले. गंमत अशी, की वॉर्डच्या कज्ज्यामुळे येथे इमारत बांधता येत नाही. तेव्हा हा रंगमंच इमारत नसून कलाकृती आहे, असे कागदोपत्री ठरवावे लागले! वाऱ्याचा बंदोबस्त मात्र अजून कोणत्याच वास्तुशिल्पज्ञाला जमलेला नाही. उघड्यावर वाजवणारे वादक स्वरलिपीचे कागद कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी अडकवून ठेवतात.

या मैदानात सगळे गोडच घडले असे नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी युद्धविरोधी सभा त्याच जुन्या रंगमंचापाशी भरली आणि पोलिसांनी तेथे लाठ्या चालवल्या. जुलै १९७० मध्ये एका लोकप्रिय बँडच्या फुकट कार्यक्रमाला दंगल झाली. अशी एक दंगल झाली की जाणती माणसे म्हणू लागतात, फुकट नकोच, तिकीट लावा, म्हणजे बरे लोक येतील. २००५ पासून त्याच ग्रँट पार्कात लोलापलूझा नावाचा मोठा खाजगी उत्सव दर उन्हाळ्यात भरतो. तो तिकिटाचा, त्यासाठी मैदानाला चारी बाजूंनी कुंपण पडते. नगरसंस्थेला त्यातून पैसा मिळतो आणि त्या पैशातून इतर उद्याने सुधारता येतात, हे समर्थन आहे, आणि ते अगदीच पोकळ नाही. कायमची मोकळी म्हणून कोर्टाने राखलेली जागा चार दिवसांसाठी कुंपणाआड जावी की नाही, यावर तेथे वाद चालतो. दंगलीपेक्षा आम्हाला या कुंपणाची भीती अधिक वाटते. दंगल एका रात्रीत शमते; एकदा पडलेले कुंपण दर साली चार हात पुढे सरकते, हा मैदानांच्या बाबतीतला आमचा अनुभव आहे.

मजुरीचा प्रश्न संपलेला नाही. मार्च २०१९ मध्ये शिकागो सिंफनीचे वादक निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर संपावर गेले. जवळजवळ सात आठवडे संप चालला. संगीत दिग्दर्शक रिकार्डो मुटी स्वतः येऊन त्यांच्या निदर्शनात उभे राहिले. त्या सात आठवड्यांत संपकरी वादकांनी शहरात ठिकठिकाणी मैफिली केल्या आणि त्यांना प्रवेश विनामूल्य ठेवला. आम्ही आयुष्यात पुष्कळ संप पाहिले. संपकरी माणूस आपला माल लोकांना वाटत सुटला आहे, असे मात्र फार थोड्या धंद्यांत शक्य असते.

आपली मराठी माणसेही त्या शहरात पुष्कळ आहेत. तेथील महाराष्ट्र मंडळ १९६९ सालचे. मैदानासमोर, मिशिगन अव्हेन्यूच्या पलीकडे, जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत २०१३ साली हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताची संध्याकाळपासून सकाळपर्यंत चालणारी मैफल सुरू झाली. तीही विनामूल्य. रात्रभर गाणे ऐकून पहाटेच्या रागाला जागे असलेला श्रोता शिकागोत भेटावा, हे ऐकून आम्हाला बरे वाटले.

जुना रंगमंच आता नाही. त्याच्याऐवजी १९७८ साली मैदानाच्या दुसऱ्या भागात नवा बांधला गेला. चौथीपर्यंत शिकलेल्या, गटारे खणणाऱ्याच्या मुलाचे नाव त्याला दिले आहे: पेट्रिलो रंगमंच. २००४ साली उघडलेल्या रंगमंचाला हॉटेलांचे मालक असलेल्या प्रित्झकर घराण्यातील गृहस्थाचे नाव आहे. ग्रँट पार्क महोत्सव तिकडे गेला, मागोमाग जाझचा उत्सव गेला, आणि २०१७ साली ब्लूजचाही गेला.